अमेरिकेतून परतलेल्या मुलाला वडोदऱ्याच्या शाळेत बसवताना

नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेली वडोदऱ्याची मराठी कुटुंबे परत यायचे ठरवतात तेव्हा शाळेची चौकशी लगेच सुरू होते. मूल कोणत्या इयत्तेत बसेल, हा प्रश्न मात्र प्रवेशाच्या दिवशीच समोर येतो. तो सर्वांत आधी सोडवावा. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीच्या प्रवेशासाठी १ जून रोजी ६ वर्षे पूर्ण असावी लागतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत सप्टेंबरच्या सुमारास ५ पूर्ण झालेले मूल किंडरगार्टनमध्ये आणि पुढच्या वर्षी पहिलीत जाते. त्यामुळे १५ जुलै २०१९ रोजी जन्मलेले मूल तिकडची पहिली संपवून मे २०२६ मध्ये आले, तर येथे जूनमध्ये त्याला पुन्हा पहिलीतच बसावे लागण्याची शक्यता असते. यात कमीपणा मानू नये; गुजराती लिपी शिकायला ते वर्ष उपयोगी पडते.

अमेरिकेतील सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते आणि शुल्क नसते, म्हणून प्रवेशासाठी धावपळ करण्याची सवय पालकांना राहिलेली नसते. (सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते, हे फीची पावती हातात घेताना हटकून आठवते.) येथे शाळा ‘एलसी’, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागते. तिकडे तसा दाखला देण्याची पद्धत नसल्याने निघण्यापूर्वीच शाळेच्या छापील कागदावर इयत्ता, हजेरी व शेवटचा दिवस लिहून, सही-शिक्क्यासह पत्र घ्यावे. प्रगतिपुस्तक, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि मूल अमेरिकी नागरिक असल्यास ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे, कार्ड त्यासोबत ठेवावे.

खरी मेहनत भाषेची आहे. २०२३ च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे, इंग्रजी माध्यमातही. मराठी घराने येथे देवनागरीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आजी-आजोबांनी व्हिडिओ कॉलवर सहा महिने आधी बाराखडी घेतली, तर ग, न, म, प, र, व ही अक्षरे शिरोरेघ काढताच जवळजवळ तशीच गुजरातीत मिळतात. क, ख, ज, फ, ब मात्र वेगळी गिरवावी लागतात. शब्दांचे घोटाळे हसत सोडवावेत: आपली ‘वात’ समईत असते, गुजराती ‘वात’ म्हणजे गोष्ट.

गणितात दोन सवयी मोडाव्या लागतात. तारखेत तिकडे महिना आधी येतो, येथे दिवस; आणि मोठ्या संख्येत तिकडे तीन-तीन आकड्यांनंतर स्वल्पविराम देतात, तर येथे लाख १,००,००० असा लिहितात. पाढे आजोबांकडून ‘बे एके बे’ असे पाठ झाले, तरी वर्गात ज्या भाषेत म्हणतात त्याच भाषेत पुन्हा म्हणून घ्यावेत, नाहीतर येत असूनही मूल गप्प बसते.

शाळेबाहेरचा फरक मुलाला आधी सांगून ठेवावा. अमेरिकेत खेळायला जाणेही दोन्ही घरच्या आयांनी वेळ ठरवल्यावर होते. येथे सोसायटीतली मुले थेट दारात येऊन हाक मारतात आणि शेजारच्या काकू हक्काने रागावतात. पहिले काही दिवस संध्याकाळी कुणीतरी मोठ्याने खाली बाकावर बसावे, पण खेळात पडू नये.