साथरोगाची पूर्वतयारी विद्यार्थ्यांकडून कशी करून घ्यावी : पुण्यातील एका साथीवर आधारित प्रात्यक्षिक

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना साथरोगांची पूर्वतयारी शिकवायची असेल, तर आपल्याच शहरातील एखादी साथ त्यांच्यापुढे टप्प्याटप्प्याने उलगडावी. पुण्यात उदाहरणांची वानवा नाही; १८९७ चा प्लेग आहे, २००९ चा स्वाइन फ्लू आहे. तरीही जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात उद्भवलेली जीबीएसची (गिलां-बारे सिंड्रोम; यात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि हातापायांतली ताकद जाते) साथ मला अधिक उपयुक्त वाटते, कारण या आजाराचा रुग्ण मेंदूविकारतज्ज्ञाकडे येतो आणि कारण मात्र काही आठवड्यांपूर्वी प्यायलेल्या पाण्यात असू शकते.

पाच-सहा जणांच्या गटाला आधी एकच चिठ्ठी द्यावी : पायांना मुंग्या येतात आणि जिना चढवत नाही, असे दोन रुग्ण एकाच आठवड्यात दाखल झाले आहेत. वर्षाला लाखामागे एखाद-दोघांनाच होणारा हा आजार असल्याने, दोन रुग्ण हा योगायोग की इशारा, हे गटाने ठरवावे. पत्ते दुसऱ्या चिठ्ठीत द्यावेत आणि किरकटवाडी, नांदेड (सिंहगड रस्त्यावरचे), धायरी दाखवणाऱ्या नकाशावर टाचण्या लावायला सांगावे. रुग्णांची माहिती अर्थातच काल्पनिक असावी.

लाइन लिस्ट, म्हणजे दर रुग्णाला एक ओळ अशी यादी, हातानेच करून घ्यावी. तीत दाखल झाल्याची नव्हे, तर लक्षणे सुरू झाल्याची तारीख हवी. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच. जीबीएसच्या आधी एक ते तीन आठवडे जुलाब झालेले असू शकतात, म्हणून ‘त्या वेळी पाणी कुठले पीत होता?’ हा प्रश्न सुटता कामा नये.

त्यानंतर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष नळापाशी न्यावे. पाण्यात ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन दाखवणाऱ्या रसायनाचे थेंब टाकताच येणारा पिवळा रंग लगेच, म्हणजे दहा सेकंदांच्या आत, पाहिला तरच मुक्त (जंतू मारायला पाण्यात शिल्लक असलेले) क्लोरीन कळते. पंधरा मिनिटांनी पाहिल्यास संयुक्त (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडले गेलेले) क्लोरीनही त्यात मिसळून येते. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन नळाला येणाऱ्या पाण्यात असायला हवे.

प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आतच रहिवाशांसाठी चार ओळींची मराठी सूचना लिहून घ्यावी : पाणी उकळून प्यावे, चिकन पूर्ण शिजवावे, हातापायांत अशक्तपणा जाणवल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. जुलाब-उलट्यांऐवजी ‘गॅस्ट्रोएन्टेरायटिस’ असा रहिवाशांना न कळणारा शब्द लिहिणाऱ्याची वही परत करावी. शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू, हे दोन्ही जुलाब करणारे जंतू आढळले होते, ही माहिती सूचना हाती आल्यावरच द्यावी. व्हेंटिलेटर आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या (जीबीएसच्या उपचारात शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांच्या) साठ्याचा हिशेब गृहपाठाला पुरे.

गुण देताना निदानाच्या अचूकतेपेक्षा, महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवण्याचा निर्णय कोणत्या गटाने कितव्या चिठ्ठीला घेतला, याला अधिक वजन द्यावे.