जिन्याच्या तोंडाशी लॅमिनेटची धार पक्की कशी बसवावी

वरच्या खोलीत लॅमिनेट, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांची फरशी, टाकताना खरी कसोटी जिन्याच्या तोंडाशी लागते. उतरताना अंगाचा सगळा भार त्या चार बोटांच्या धारेवर येतो. धार जराही हलली की पाय सटकतो, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर ही गोष्ट फार गंभीर आहे.

आधी एक समजून घ्या. लॅमिनेट जमिनीला चिकटवलेलं नसतं, खाली अंथरलेल्या पातळ फोमवर मोकळं असतं. फळीचा गाभा लाकडाच्या भुशाचा, म्हणून ती हवेप्रमाणे फुगते-आकसते. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर, त्यात खोलीत कूलरची दमट हवा, मग पावसाळा. म्हणून धारेची पट्टी, म्हणजे नोजिंग, स्लॅबला घट्ट हवी आणि फळ्या मोकळ्या हव्यात. फळ्यांवर ओठ, म्हणजे पट्टीची बाहेर आलेली पातळ कड, टेकवणारी नोजिंग घ्या. सपाट बसणारी दिसते देखणी, पण ती फळीला जखडते. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

फळ्यांचे बॉक्स न फोडता 48 तास त्याच खोलीत आडवे ठेवा. तोवर स्लॅबची धार तपासा. दोरा ताणून पाहिला की खड्डा-उंचवटा लगेच कळतो. भुगा होणारं प्लास्टर खरवडून काढा आणि सिमेंटने सरळ करा. उधईचा माग दिसला तर आधी त्याचा बंदोबस्त करा, कारण फळीचा गाभा तिला चालतो.

मग नोजिंग कोरडीच धारेवर ठेवून पाहा. तिच्या अंगाखाली फोम अजिबात येऊ देऊ नका. फोम दबतो, पट्टी डुलते, स्क्रू ढिले होतात. बहुतेक ठिकाणी बिघाड इथूनच सुरू होतो. उंची कमी पडली तर खाली वॉटरप्रूफ प्लायची पट्टी चिकटवून स्क्रूने आवळा. फळी आणि फोम मिळून जेवढी जाडी होते, तेवढ्या उंचीवर ओठ यायला हवा. नोजिंगच्या अंगापासून 8 ते 10 मिमी जागा सोडून फळी थांबवा. ओठाने ती फट झाकून फळीवर आणखी 5-6 मिमी तरी यायला हवं.

फळ्या धारेला समांतर येत असतील तर मोजणी जिन्याकडून सुरू करा. नाहीतर शेवटी दोन बोटांची चिंधी नेमकी पायाखाली येते. अरुंद तुकडा भिंतीकडे, कपाटाखाली जाऊ द्या.

भोकं दर 20 ते 25 सेंमीवर पाडा. काँक्रीटच्या धारेजवळ ड्रिल जोरात चालवलं तर कोपरा उडतो, म्हणून शक्य तितकं आतल्या बाजूला आणि सावकाश. वर टाइल असेल तर टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारण्याचा मोड, बंद ठेवा. भोकातली धूळ फुंकून काढा, प्लॅस्टिकची गिट्टी बसवा, नोजिंगखाली पीयू (पॉलीयुरेथेन) गोंदाची सलग रेघ ओढा आणि स्क्रू आवळा. स्क्रू फळीतून जाता कामा नये. तो नोजिंगच्या अंगातूनच स्लॅबमध्ये उतरावा. ओठ फळीला नुसता टेकावा, दाबू नये. जाड कागद ओठाखाली किंचित अडखळत सरकला की समजा बरोबर बसला. स्क्रूचं डोकं थोडं आत घेऊन वर त्याच रंगाचं फिलर भरा.

24 तास त्यावर कोणाला पाय ठेवू देऊ नका, पोरांना तर नाहीच. नंतर धारेवर टाच रोवून उभे राहा आणि भार इकडून तिकडे द्या. टकटक ऐकू आली तर तिथे गोंद कमी पडला आहे. आताच उकलून परत बसवा.

फळी आणि फोममुळे सगळ्यात वरच्या पायरीची उंची साधारण सेंटीमीटरभर वाढते. एकच पायरी वेगळी झाली की ठेच लागते, म्हणून बाकीच्या पायऱ्यांची उंची टेपने मोजून पाहा. फरक जास्त असेल तर पायऱ्यांवरही त्याच जाडीचं काम करून घ्या. ग्रॅनाइटच्या गोल धारेच्या पायरीवर नोजिंग नीट टेकत नाही. तिथे लॅमिनेट दगडाच्या अलीकडेच थांबवून उताराची पट्टी लावणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

जिना उघड्या गच्चीवर जात असेल आणि पावसाची झड आत येत असेल, तर त्या जागी लॅमिनेट टाकूच नका. आतल्या जिन्यावरही बादलीने पाणी ओतून धुणं बंद करा, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, आणि कूलर जिन्याच्या तोंडापासून दूर ठेवा.