फील्ड कंपनीवर प्रबंध घेताय? आधी हे वाचा

पहिल्या महायुद्धातल्या रॉयल इंजिनिअर्सच्या (ब्रिटिश सैन्याच्या अभियंता दलाच्या) एखाद्या फील्ड कंपनीवर, म्हणजे आघाडीवर काम करणाऱ्या तुकडीवर, प्रबंध करायचा असेल, तर नुसत्या तिच्या वॉर डायरीच्या (तुकडीच्या रोजच्या अधिकृत नोंदवहीच्या) भरवशावर राहू नका. तो उभा राहणार नाही. डायरी लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये, डब्ल्यूओ ९५ या मालिकेत मिळते. पण उघडल्यावर बरेचदा दिवसाला दोन ओळी: जागा आणि कामाचा प्रकार. माझं काम इथेच अडून बसलं होतं, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

पायदळाची बटालियन बहुधा एकत्र लढते. फील्ड कंपनीत माणसं सव्वादोनशेच्या आत-बाहेर, सेक्शन, म्हणजे पोटतुकड्या, चार, आणि तेही वेगवेगळ्या ब्रिगेडांच्या दिमतीला. २३ ऑगस्ट १९१४ ची बेल्जियममधली मॉन्सची लढाई घ्या. कालव्यावरचे पूल उडवायचे होते आणि सॅपर (इंजिनिअर्सचे जवान) मैलोन्‌मैल विखुरलेले. ५७ व्या फील्ड कंपनीचा लान्स कॉर्पोरल चार्ल्स जार्विस जेमापला शत्रूच्या डोळ्यांदेखत, भर गोळीबारात दीड तास खपला आणि पूल उडवला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथे आजूबाजूला काय चाललं होतं हे कळायला रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सची आणि ९ व्या ब्रिगेडची डायरी काढावी लागते. त्याच कालव्यावरच्या मारिएटच्या पुलावर डोक्याला जखम होऊनही कॅप्टन थिओडोर राइट स्फोटकांच्या तारा जोडायला पुन्हा गेले. ते डिव्हिजनच्या इंजिनिअर्सचे ॲडज्युटंट (प्रमुखाचे कामकाज सांभाळणारे अधिकारी), म्हणजे त्यांच्या नोंदी तिसऱ्याच दप्तरात. एका दिवसासाठी तीन-चार डायऱ्या शेजारी ठेवून वाचायच्या, याला पर्याय नाही. इंटरनेटवरचे तयार सारांश तर मुळीच वापरू नका. सेक्शन कुठे होते, हेच त्यांतून गळतं.

साध्या सैनिकाच्या नावापासून सुरुवात करू नका. त्यांची बरीचशी सेवापत्रं १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. पण घाबरू नका. तारीख आणि नकाशा हाताशी असेल तर वाट सापडते. डायऱ्यांतलं पेन्सिलीतलं अक्षरही हळूहळू लागतं. जो गाईड तुमच्या शेजारी बसून एक पान वाचून दाखवतो, तोच खरा गाईड.

खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या (तेव्हाच्या भारतीय सैन्याच्या अभियंता दलाच्या) २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या घेणाऱ्यांनाही हीच पद्धत. २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या न्यव्ह शापेलला त्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळासारखं हल्ल्यात उतरवलं होतं. त्या दिवसासाठी या पलटणीची डायरी आधी मागवा.