परदेशातलं नवं घर: राहायला जाण्याआधी

किल्ली हातात आली की सामान लावण्याआधी वीज, पाणी आणि गॅसच्या मीटरचे आकडे तारखेसह फोटोत टिपा. म्हणजे आधीच्या मालकाची थकबाकी अंगावर येत नाही. कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, त्याच दिवशी बदला. माप घेताना मधल्या स्क्रूपासून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, त्या बऱ्याचदा सारख्या नसतात.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याला द्या. घर महिनोन्‌महिने बंद असेल तर नळात साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. म्हणून खिडक्या उघडा, शॉवरचं तोंड काढून ठेवा, प्रत्येक नळ किमान पाच मिनिटं वाहू द्या. गिझर 60 अंशांवर तासभर ठेवून मग गरम पाणीही सोडा. चटका बसतो, जपून. मोरीतून वास येतोय? बहुधा जाळीखालच्या वळणातलं पाणी आटलंय. लिटरभर ओता.

उपकरणं नेताना व्होल्टेज बघाच. 230 व्होल्टची इस्त्री 120 वर जेमतेम पाव ताकदीने तापते. उलट केलंत तर जळते. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

घर पुन्हा बंद करताना पाण्याचा मुख्य कॉक बंद करा.