जुनं बेसबॉल कार्ड घेताना खिशात पट्टी असू द्या

ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचं चित्र असलेलं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ते आपल्यासाठी नाही. पण शंभर वर्षांपूर्वीचं अस्सल कार्ड साध्या पगारदार माणसालाही घेता येतं, फक्त हाव जरा आवरावी लागते.

आधी एकच संच निवडा. माझी शिफारस टी२०६ची. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून ही कार्डं यायची. नावातला ‘टी’ तंबाखूचा. याच संचातलं होनस वॅग्नरचं कार्ड दुर्मिळ, कारण त्यानेच छपाई थांबवायला लावली. तंबाखूला विरोध म्हणून की पैशांवरून, यावर अजून वाद घालतात. तुम्ही मात्र फारसं नाव न झालेला खेळाडू घ्या, मागे ‘पीडमाँट’ किंवा ‘स्वीट कॅपोरल’ सिगारेटची जाहिरात असलेला. या दोन छापांची कार्डं पुष्कळ सापडतात. कोपरे झिजलेले, मधे घडी पडलेली असली तरी चालेल. असली कार्डं हाताळूनच नजर तयार होते.

पहिलं कार्ड पीएसए किंवा एसजीसी या कार्डं तपासणाऱ्या कंपन्यांपैकी एकीने तपासून डबीत बंद केलेलं असावं. डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पडताळा. सुटं कार्ड घेणार असाल तर मोजपट्टी, भिंग आणि अतिनील किरणांची छोटी बॅटरी जवळ ठेवा.

पट्टी सगळ्यात कामाची. १९५२चं टॉप्स कार्ड अडीच इंच एक सूत रुंद आणि पावणेचार इंच उंच असतं. टॉप्सनेच १९८३ मध्ये या संचाची नवी आवृत्ती काढली ती अडीच बाय साडेतीन इंचांची, म्हणजे मोजताक्षणी कळते. अस्सल कार्डही मापात कमी भरलं तर समजा, झिजलेल्या कडा कुणीतरी कापून सरळ केल्यात. वॅग्नरच्या सर्वात गाजलेल्या कार्डाचं हेच झालं होतं. बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने २०१३ मध्ये कडा कापल्याची कबुली दिली. त्यामुळे जुन्या कार्डाचे कोपरे फार टोकदार दिसले की मला आनंदाआधी शंका येते.

मग अंधारात बॅटरी मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची रसायनं साधारण १९५०च्या आसपास रूढ झाली. १९१०चं म्हणून विकलं जाणारं कार्ड निळसर चमकलं तर पाकीट खिशातच राहू द्या.

घरी आणल्यावर कार्ड आधी मऊ प्लास्टिकच्या पातळ पिशवीत आणि मगच कडक खोळीत सरकवा. मी एकदा घाईत थेट खोळीत घातलं आणि कोपरा दुमडून बसलो. रबरबँड, चिकटपट्टी, लॅमिनेशन यांचं नावही नको. डाग खोडरबरानेही पुसू नका. तपासणारे ते ओळखतात.

आणि कुणी १९३३चा गाउडी कंपनीचा ‘पूर्ण २४० कार्डांचा’ संच दाखवला, तर १०६ क्रमांक आधी मागा. कंपनीने त्या वर्षी तो छापलाच नव्हता. ज्यांनी पत्रं लिहून तक्रार केली, त्यांना १९३४ मध्ये नॅप लाजोईचं ते कार्ड टपालाने पाठवलं.