लोलकाची रेघ मातीवर, आणि तिचा साचा

लोलकाला पेन बांधून कागदावर चित्र काढणारं यंत्र फक्त वाट दाखवतं. तेच यंत्र पातळ माती सांडत फिरलं तर वेगही उमटतो, कारण लोलक जिथे जोरात जातो तिथे रेघ बारीक होते आणि वळणावर थबकतो तिथे जाड. म्हणून इथे पेन नाही. मातीच्या गादीवर मातीचीच रेघ पाडायची, तिच्यावर पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) ओतून साचा घ्यायचा आणि त्या साच्यातून हव्या तितक्या फरश्या काढायच्या. सामान गावात किंवा तालुक्याच्या बाजारात मिळतं.

यंत्र म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारखा टांगलेला लोलक. अमेरिकी गणिती नॅथॅनिएल बाउडिच यांनी १८१५ मध्ये या गतीचा अभ्यास केला होता, स्कॉटिश गणिती ह्यू ब्लॅकबर्न यांचं नाव याला १८४४ पासून जोडलं जातं. गोठ्याच्या किंवा ओसरीच्या आडव्या बल्लीला ६० सेंमी अंतरावर दोन खिळे ठोका. बांबूची तिकटी वापरू नका. ती स्वतःच डुलते, लोलकाचा जोर खाते आणि आकृती लवकर मरते. दोन्ही खिळ्यांपासून गवंड्याची लाइनदोरी खाली बाटलीपर्यंत आणा. वाटेत दोन्ही दोऱ्या कपड्याच्या घट्ट चिमट्यात एकत्र धरा. चिमट्याच्या वर दोऱ्या फाकलेल्या, खाली जोडलेल्या. दोरी नवी असेल तर वजन टांगून रात्रभर ताणू द्या, मगच मापं घ्या.

बल्लीच्या दिशेने झुलताना लोलकाची लांबी फक्त चिमट्याखालची असते, बल्लीच्या काटकोनात झुलताना बल्लीपासूनची पूर्ण. लांबी चौपट झाली की झोका दुपटीने सावकाश होतो. म्हणून पूर्ण लांबी १६० सेंमी ठेवली आणि चिमटा बाटलीच्या मध्यापासून ४० सेंमीवर लावला, तर एका लांब झोक्यात दोन आखूड झोके बसतात आणि इंग्रजी आठासारखी आकृती येते. ७१ सेंमीवर लावला तर दोनास तीन, ९० वर तीनास चार. पूर्ण लांबी १६० असताना लांब दिशेचा एक झोका, जाऊन-येऊन, सुमारे अडीच सेकंदांचा. घड्याळ लावून दहा झोके मोजा, २५ सेकंदांच्या आसपास आले की माप बरोबर.

चिमटा वर सरकवला की बाटलीही थोडी उचलली जाते, म्हणून दरवेळी पूर्ण लांबी पुन्हा मोजा. हे विसरल्यानेच बहुतेकांची गणितं चुकतात.

माप अगदी तंतोतंत जुळवलं तर लोलक त्याच वाटेवर पुन्हा पुन्हा येतो आणि ओली माती एकावर एक साचून फिसकटते. सर्वांत देखणी जाळी मिळते ती माप मुद्दाम एक-दोन सेंमीने चुकवल्यावर. ९० ऐवजी ८८ वर चिमटा लावा. आकृती दर फेरीला थोडी सरकते, रेघा शेजारी-शेजारी बसतात.

बाटली अर्ध्या लिटरची, बूड कापलेली, तोंड खाली. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने ३ मिमीचं भोक पाडा. कडेला वितळलेलं प्लास्टिक राहिलं तर धार तिरकी जाते, ते ब्लेडने साफ करा. गळ्याभोवती जुन्या बाहीत भरलेली दीड किलो ओली रेती बांधा. माती सांडली की बाटली हलकी होते, मध्य सरकतो आणि त्यासोबत लोलकाची लांबीही. रेतीचं वजन जास्त असेल तर हा फरक नगण्य राहतो.

आता माती. गादीला भाजायचं नसल्याने शेतातली काळी मातीही चालते, फक्त साचा त्याच दिवशी ओतायचा. रात्रभर ठेवली तर भेगा पडल्याच. फरश्यांसाठी मात्र काळी माती नको. ती पाणी पिऊन फुगते, वाळताना तितकीच आखडते, आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ मिळतो, अकोला-बुलढाण्याकडे कुंभाराकडूनच तयार माती घ्या. दोन घमेली मातीला एक घमेलं चाळलेली बारीक रेती. पट्टी थापून तिच्यावर १० सेंमीची रेघ मारा, पूर्ण वाळल्यावर मोजा. ९ सेंमीपेक्षा कमी भरली तर रेती वाढवा. चुना तपासायला वाळल्या ढेकळावर लिंबू पिळा. फसफसलं तर ती माती सोडा.

सांडायची माती रात्रभर भिजवून जुन्या सुती धोतरातून गाळा. काडीने वर रेघ ओढली तर ती तीन-चार सेकंदांत मिटली पाहिजे. लगेच मिटली तर फार पातळ, रेघ पसरेल. मिटलीच नाही तर भोक तुंबेल. बाटलीत ३०० मिली भरा आणि भोक दहा सेकंद वाटीवर सोडा. ५० मिलीच्या आसपास पडली की एक मिनिटाचं चित्र होतं आणि रेघ ४-५ मिमी रुंद येते. वाटीतली माती परत बाटलीत ओता.

४० बाय ४० सेंमीच्या फळीच्या चौकटीत ३ सेंमी जाडीची गादी थापा, ओल्या हाताने गुळगुळीत करा. चौकटीची कड गादीच्या वर आणखी ३ सेंमी हवी. भोक गादीपासून दीड सेंमीवर. पंखा बंद, दार लावलेलं. उन्हाळ्यातली झळ बाटलीला सरळ ढकलते. आधी बाटलीत चाळलेली कोरडी रेती भरून वर्तमानपत्रावर दोन-तीनदा झुलवून पाहा, कुठून सोडायचं ते हाताला कळतं.

बोटाने भोक दाबून बाटली तिरपी ओढा. लांब दिशेला १५ सेंमी, आखूड दिशेला १० पेक्षा जास्त नको, कारण आखूड दिशेत बाटली टोकाला बरीच वर उचलली जाते आणि धार तुटते. सोडताना ढकलू नका, नुसतं बोट काढा. झोके निम्मे झाले की वाटी खाली धरून बाटली उचलून घ्या. थांबेपर्यंत वाट पाहिली तर मधोमध गोळा साचतो आणि सगळं चित्र झाकतं.

रेघेची ओली चमक गेली की पीओपीची वेळ. मे महिन्यात हे लवकर होतं, थंडीत दोन-तीन तास लागतात. चमक असताना ओतलं तर रेघ वाहून जाते.

४० बाय ४० चा ३ सेंमी जाड साचा म्हणजे ४.८ लिटर. त्याला ३.१ लिटर पाणी आणि ४.५ किलो पीओपी. पाणी रांजणातलं घ्या. छतावरच्या टाकीतलं उन्हाळी पाणी गरम असतं आणि पीओपी बादलीतच धरतं. तोंडाला फडकं बांधा, पावडर पाण्यात मुठीने भुरभुरवा, पाण्यात पीओपी ओतायचं, उलट नाही. दोन मिनिटं भिजू द्या, मग हात तळाशी ठेवून हळू फिरवा. वरून घुसळलं की बुडबुडे आत जातात. पोतं जुनं असेल तर आधी चमचाभर कालवून पाहा. अर्ध्या तासात धरलं नाही तर ओल लागलेली आहे, टाकून द्या.

पहिला हात पातळ थराचा, बोटांनी रेघांवर शिंपडा आणि फळी खालून टोका. मग उरलेलं एका कोपऱ्यात तळहातावरून सोडा, थेट रेघेवर नको. अर्धं ओतल्यावर गोणपाटाच्या पट्ट्या बुडवून आडव्या-उभ्या टाका, नाहीतर उचलताना साचा मधून तुटतो. पीओपी धरताना चांगलं तापतं. हात त्यात रुतवून ठसा घ्यायचा मोह मुलांना होतो, तो अजिबात होऊ देऊ नका. त्याने गंभीर भाजतं. उरलेलं नालीत ओतू नका, तिथेच दगड होतो.

थंड झाल्यावर चौकट काढा, उलटं करा, गादी सोलून घ्या, रेघांत अडकलेली माती बांबूच्या काडीने काढा. ती गादीची माती फरश्यांच्या मातीत मिसळू नका, पीओपीचा कण भाजल्यावर फुगून फरशी फोडतो.

साचा आठवडाभर सावलीत वाळवा. आता रेघ आत खोल आहे. मऊ माती आधी रेघांत बोटाने दाबा, मग दीड सेंमीची जाडी थापा. कोरडा साचा पाणी ओढतो आणि अर्ध्या तासात फरशीची कड सुटू लागते. तेव्हा पाट ठेवून उलटा. सुटत नसेल तर नखाने उचकटू नका, आणखी दहा मिनिटं द्या. दिवसाला दोन फरश्या पुरे, साचा भिजला की तो पाणी ओढत नाही.

फरश्या ओल्या गोणपाटाखाली दोन दिवस, मग सावलीत दहा-पंधरा दिवस, रोज पालटत. कडा आधी वाळल्या तर फरशी वाकते, म्हणून कडांवर ओलं फडकं ठेवा. हिवाळा यासाठी सर्वांत चांगला. भाजायला कुंभाराच्या आव्यात जागा मागा, फरश्या उभ्या आणि मधोमध लावायला सांगा. काढल्यावर गरमी उतरताच त्या तासभर पाण्यात बुडवा. मातीत चुन्याचे बारीक कण राहिले असतील तर ते हवेतली ओल हळूहळू पिऊन पुढच्या आठवड्यात फरशीचे टवके उडवतात. भरपूर पाण्यात एकदम बुडवलं तर बहुतेकदा ते तिथेच विझतात.