जागलीची बंदूक आणि सकाळची पाळी

आमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याच्या, फाटकावर आत शिरताना माचिस काढून ठेवावी लागते. बिडी, लायटर, तेही. आत कापसाचे ढीग, सरकी, हवेत उडणारी रुई. हा नियम कोणाला समजावून सांगावा लागत नाही, नवा हमालसुद्धा पहिल्याच दिवशी स्वतः खिसे झाडतो. पण त्याच फाटकातून सीटखाली बारा बोरची काडतुसं घेऊन शिरताना काही जणांना काहीच वाटत नाही, याचं मला नवल वाटतं.

मी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि आता पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगवर सुरक्षेचं काम पाहतो. घरचं वावर आहे, नावावर दुनळीचा परवाना आहे. म्हणजे जागल, रात्री पिकाची राखण, करणाऱ्याचा त्रासही मला माहीत आहे आणि फाटकावर उभं राहणाऱ्याचाही.

अडचण अशी, की कापसाचा हंगाम आणि जागलीचा हंगाम एकाच वेळी येतो. दिवाळीनंतर जिनिंग धडधडायला लागते आणि त्याच दिवसांत तूर शेंगेवर येते, हरभरा घाट्यावर येतो. रात्री रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप शिरला की सकाळी या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत नुसते खुंट. डुकरांचं तर विचारूच नका. माणूस रात्रभर वावरातल्या माळ्यावर बसतो, पहाटे उतरतो, तोंडावर पाणी मारतो आणि सहाच्या पाळीसाठी तसाच निघतो. घर उलट्या बाजूला. मग बंदूक गाडीतच राहते.

अशा माणसाला फाटकावर अडवलं की एक वाक्य ठरलेलं: ‘गाडी माझी, परवाना माझा, कंपनीले काय करा लागते?’ हे मोबाईलवरून पसरलेलं आहे. ते खोटं नाही, पण ते अमेरिकेतलं आहे. ओक्लाहोमा राज्यात २००२ साली एका कागद कारखान्यानं पार्किंगमधल्या कामगारांच्या गाड्या तपासल्या, बंदुका सापडल्या आणि लोकांना कामावरून काढलं. तिथंही तेव्हा शिकारीचा हंगामच होता. त्यावरून २००४ मध्ये त्या राज्यानं कायदा केला, की कुलूप लावलेल्या खासगी गाडीतल्या कायदेशीर बंदुकीला मालकानं मनाई करायची नाही. पुढं फ्लोरिडानं २००८ मध्ये आणि टेक्सासनं २०११ मध्ये तसेच कायदे केले. तिथं शस्त्र बाळगणं हा राज्यघटनेतला हक्क आहे. आपल्याकडं १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे आणि त्यात परवाना अटींवर मिळतो. अट मोडली तर कलम १७ खाली जिल्हाधिकारी तो रद्द करू शकतात, शिवाय कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कारखान्याच्या आवारात बंदूक ठेवायचा हक्क देणारं कलम त्यात नाही. मालकानं फलक लावला ‘शस्त्र आणू नये’, की विषय संपला.

मालकानं फलक लावला नसला तरी २०१६ चे शस्त्र नियम आहेतच. सार्वजनिक ठिकाणी बंदूक न्यायची तर ती तिच्यासाठी केलेल्या पिशवीत, पूर्ण झाकलेली हवी आणि नेणाऱ्याचा तिच्यावर नीट ताबा हवा, असं ते म्हणतात. तुम्ही प्रेसवर गाठी बांधताय आणि बंदूक तिकडं बाभळीखाली उभ्या बोलेरोत. मग ताबा कोणाचा? काच फोडायला एक दगड पुरतो.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे: बंदूक पार्किंगपर्यंत येऊच देऊ नका. त्यासाठी करायचं ते सगळं आदल्या रात्री करायचं असतं, फाटकावर आल्यावर फार काही हातात उरत नाही.

आधी परवाना काढून वाचा. पिढीजात बंदूक असलेल्या घरांत तो पेटीत घडी करून पडलेला असतो आणि वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. त्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, कारण लिहिलेलं असतं. परवाना पीक संरक्षणासाठी असेल आणि क्षेत्र तुमच्या शेतापुरतं असेल, तर जिनिंगचं फाटक त्यात बसत नाही, दुसऱ्या जिल्ह्यातलं तर नाहीच. मुदत पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आहे, पण जुन्यावर जी तारीख असेल तीच खरी. बंदूक बाहेर नेताना मूळ परवाना जवळ लागतो. पोलिसांनी मागितला तर तो दाखवावाच लागतो, मोबाईलमधल्या फोटोवर भागेल असं धरून चालू नका.

रस्ताही पाहा. आमच्या भागात टिपेश्वर अभयारण्य आहे, तिकडं वर्ध्यात बोर, चंद्रपुरात ताडोबा. अभयारण्याच्या हद्दीत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरता येत नाही, मग ते डिक्कीत असो की पिशवीत. कामावर यायचा जवळचा रस्ता जंगलातून जात असेल तर बंदूक असताना तो रस्ता तुमचा नाही. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वनखात्याकडं नावही नोंदवायचं असतं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं ते कलम ३४. आणि परवाना आहे म्हणून रोही मारता येत नाही. त्याची परवानगी वनखातं देतं, ती वेगळी.

आणखी एक, जे कोणाच्या डोक्यातच येत नाही. जागलीवरून येताना पोराला शाळेत सोडणं. शाळा-कॉलेजच्या आवारात, जत्रेत, मिरवणुकीत विशेष परवानगीशिवाय बंदूक न्यायची नाही, ही परवान्याचीच अट आहे. गाडी शाळेच्या मैदानात वळवली तरी तुम्ही आवारात आलात.

आता बंदूक खाली, म्हणजे रिकामी, करण्याबद्दल, कारण खरा धोका इथं आहे. गेल्या हंगामात आमच्या एका फिटरची गाडी फाटकावर थांबली. मागच्या सीटवर गोधडी आणि गोधडीतून नळीचं तोंड दोन बोटं बाहेर.

‘हे काय हो भाऊ?’

‘बंदूक व्हय ना साहेब. जागलीले गेलतो. खाली आहे, भरेल नाही.’

‘खोलून दाखवा.’

तो उतरला, नळी नालीच्या मातीकडं केली आणि नळ्या उघडायची चावी सरकवली. नळ्या खाली झुकल्या. उजवीकडं उडालेलं रिकामं टरफल होतं. डावीकडं काडतूस तसंच होतं, पितळेच्या टोपीवर घोड्याचा ओरखडाही नव्हता. तो बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिला. ‘म्या तं समजलो दोनी उडवल्या,’ म्हणाला. ती नळी सगळ्या रस्त्यानं त्याच्या बायकोच्या पाठीकडं होती, ती पुढच्या सीटवर बसली होती.

तर बंदूक माळ्यावर असतानाच, खाली उतरायच्या आधी रिकामी करा. उतरताना पाय घसरतो, दव असतं, झोप असते. नळी माणसाकडं नको, चापावर बोट नको. बंदूक मोडा, म्हणजे नळ्या झुकवून उघडा, दोन्ही काडतुसं किंवा टरफलं काढा, मग नळ्यांतून आभाळाकडं पाहा. उजेड दिसला पाहिजे, दोन्हीतून. अंधार असेल तर करंगळी घालून चाचपा. काडतुसं मोजून डब्यात घाला, डबा बंदुकीच्या पिशवीत नको. दुनळीचं पुढचं लाकूड निघतं, मग नळ्या आणि दस्ता वेगळे होतात. असे तीन भाग करून कॅनव्हासच्या पिशवीत घातले तर ती झाकलीही जाते आणि कोणाच्या हाती लागली तरी लगेच चालवता येत नाही. गोधडी ही पिशवी नव्हे.

मग घरी जा. हो, उलट्या दिशेला. बंदूक कुलुपात, काडतुसं दुसऱ्या कुलुपात, किल्ल्या तुमच्याजवळ, भिंतीवरच्या खिळ्याला नाही. वेळ लागतो हे मलाही कळतं, म्हणून पाळीचं आधी बोलून ठेवा. आमच्याकडं हरभरा घाट्यावर आला की जागलीवाले शिफ्ट इनचार्जला सांगून सकाळची पाळी बदलून घेतात, दुपारच्या पाळीतला कोणी ना कोणी तयार होतोच, कारण उद्या त्यालाही हीच गरज पडते. इनचार्जला बंदुकीची गोष्ट लपवू नका. ‘रात्री जागल आहे, सहाला जमणार नाही’ एवढं म्हटलं तरी पुरतं, तोही कोणाच्या तरी वावरातूनच आलेला असतो.

जो माणूस सगळं ऐकूनही बंदूक घेऊन फाटकावर येतो, तो पुढं म्हणतो, ‘तुमच्या केबिनमंधी ठेवा न बावा, सुट्टी झाली का नेतो.’ मी ठेवत नाही, कोणत्याच चौकीदारानं ठेवू नये. ज्याच्याकडं परवाना नाही त्याच्या ताब्यात बंदूक देणं हा देणाऱ्याचाही गुन्हा होतो आणि घेणाऱ्याचाही. चौकीदार, ऑफिसचं कपाट, सोबत आलेला चुलतभाऊ, सगळ्यांना हेच लागू. परवान्यात ज्याचं नाव नाही त्याच्या हाती बंदूक देऊन ‘घरी टाकून ये’ म्हणू नका. सुरक्षित ठेवायला द्यायचीच असेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं द्या, पावती घेऊन. सकाळी सहाच्या घाईत ते जमणार नाही, पण पंधरा दिवस बाहेरगावी जायचं असेल तेव्हा तोच रस्ता बरा.

अशा वेळी मी गाडी आत घेत नाही, माणसाला परत पाठवतो, रजिस्टरमध्ये उशिराची नोंद करतो आणि अर्ध्या रोजाच्या कपातीवरून शिव्या खातो. त्या खाव्या लागतात.

काही जण फाटक टाळायला गाडी बाहेर चहाटपरीमागं लावतात. हे पार्किंगपेक्षाही वाईट. तिथं ना कॅमेरा, ना चौकीदार, आणि बाजाराच्या दिवशी शेकडो माणसं त्या गाडीला टेकून चहा पितात.

कमरेला रिव्हॉल्व्हर लावून येणारे ठेकेदार वेगळेच. आत येताना ते पट्ट्यातून काढून डॅशबोर्डच्या खणात टाकतात आणि खणाला कुलूप नसतं. त्यांना मी एवढंच विचारतो की गाडी धुवायला कोण नेतं.

बंदूक गाडीतून चोरीला गेलीच, तर आधी शोधाशोध, मग भावकीत चौकशी, मग देवऋषी, हा क्रम सोडा. त्याच तासाला जवळच्या ठाण्यात तक्रार द्या. बंदुकीचा नंबर, बोर आणि काडतुसं किती ते एका कागदावर लिहून घरी ठेवा, कारण मूळ परवानाही गाडीतच गेलेला असू शकतो. तक्रारीची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याच्या टेबलाला द्या. उशीर जितका, तितका संशय तुमच्यावर. त्या बंदुकीनं पुढं काही झालं तर पहिलं नाव तुमचंच निघणार.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून बंदूक जमा करायचा निरोप येऊ शकतो. तेव्हा जागलीचं कारण असेल तर ते लेखी द्या, तोंडी नको. परवानाधारकांबाबतचा निर्णय जिल्ह्याची छाननी समिती घेते. जमा केलीत तर पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांचा आकडा तिथंच उभं राहून तपासून घ्या.